मैदानातला गोंगाट: व्हुव्हुझेला, हलगी, ढोल... मॅच बिघडते की रंगते? अनुभव लिहा

सातरस्ता
सोलापूरला होम मैदानावर सिद्धेश्वर यात्रेचा गड्डा, म्हणजे जत्रा, भरलाय आणि आमच्या गल्लीतल्या प्रत्येक पोराच्या हातात लांब प्लॅस्टिकचा भोंगा आलाय. सकाळी दात घासायच्या आधी पों सुरू. त्यात डिसेंबरात २०२६ च्या फुटबॉल वर्ल्डकपचा ड्रॉ निघाला, ११ जूनला पहिलीच मॅच मेक्सिको विरुद्ध दक्षिण आफ्रिका. २०१० ला पण हीच जोडी, हीच तारीख, फक्त तेव्हा मैदान जोहान्सबर्गचं सॉकर सिटी होतं. सगळं आठवलं.

तेव्हा आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला मॅच लागली. पाच मिनिटांत आईनं केबलवाल्याला फोन लावला, आवाजात घरघर येतेय म्हणून. तो म्हणाला, काकू, अख्ख्या गावात येतेय. मग कॉमेंट्रीत कळलं की हा व्हुव्हुझेला, तिकडच्या प्रेक्षकांचा प्लॅस्टिकचा भोंगा. दक्षिण आफ्रिकेच्या त्शाबालालानं डाव्या पायानं मारलेला तो गोल मला अजून फ्रेम बाय फ्रेम पाठ आहे. पण आवाज आठवायला गेलो तर गोलच्या आधीचा आणि नंतरचा एकच. पहिला गोल, तोही यजमानांचा, आणि आवाज तसाच सपाट. मला ते तेव्हा लागलं आणि आजही लागतं. मॅचला आवाज पाहिजेच. पण तो बॉलबरोबर चढला पाहिजे, उतरला पाहिजे.

तुम्ही सांगा. टीव्हीवरचं, पार्क मैदानावरचं, कोल्हापूरचं, कुठलंही चालेल.

कडकभाकरी
लोडशेडिंग विसरलास काय बे? आमच्याकडं हाफटाइमलाच लाईट गेलती. समोरच्या मेडिकलवाल्याकडं इन्व्हर्टर, सगळी गल्ली त्याच्या दारात. त्यानं टीव्हीचा आवाज बंद केला, गिऱ्हाइकाचं ऐकू येईना म्हणून. आवाजाशिवाय बघितली मॅच अन् लई भारी वाटली. एवढंच सांगतो, भाकऱ्या थापून व्हायच्यात अजून.

जुळेसोलापूर
@कडकभाकरी भाकऱ्या तू थापतोस?

कडकभाकरी
मंग कोण? बायको ड्युटीवर असली की मीच. ज्वारीच्या, पातळ. ये की खायला.

नवीपेठ वहिनी
माझे दीर बोटीवर होते, डर्बनहून त्यांनी खराखुरा व्हुव्हुझेला आणला होता, पिवळा. साधारण ६५ सेंटिमीटर लांब, एकसलग प्लॅस्टिक, आत काही पट्टी नाही की पडदा नाही. नुसतं फुंकलं तर फक्त हवा जाते. ओठ आवळून फरफरवावे लागतात, लहान मुलं गाडीचा आवाज काढतात तसे. दोन मिनिटांत ओठ बधिर. आणि खालच्या तोंडातून थुंकी टपटप. सासूबाईंनी फरशीवरचे ते थेंब बघितले आणि भोंगा थेट माळ्यावर. त्यामुळे ते लोक दीड दोन तास कसे वाजवत होते याचं मला खरंच कौतुक वाटतं. आवाज आवडला नाही तरी दम कबूल करायलाच पाहिजे.

हलगी हलगी
मी शिकायला कोल्हापुरात होतो, शाहू स्टेडियम हॉस्टेलपासून चालत. पाटाकडील विरुद्ध दिलबहार, तिथल्या तालमींच्या फुटबॉल टीम, असलं की आम्ही लेक्चरला जाणं शक्यच नव्हतं. तिथं हलगी. मॅचच्या आधी स्टँडच्या मागं एक जण रद्दी पेटवून त्यावर हलगी तापवायचा. कातडं ताणलं की बोटानं टक् करून कानाशी धरायचा, परत आचेवर, परत टक्. मनासारखा आवाज निघाल्याशिवाय वर यायचा नाही.

मुद्द्याचं म्हणजे, हलगीवाला मॅच बघत वाजवायचा. बॉल मधल्या भागात घुटमळत असला की काडी नुसती टेकवत राहायची. विंगवरून कोणी सुटला की गती वाढली. कॉर्नर लागला की दोन क्षण गप्प, आणि बॉल उडाला की कडकडाट. मी एकदा खांबामागं अडकलो होतो, निम्मं मैदान दिसत नव्हतं, तरी बॉल कुठल्या गोलकडं चाललाय ते कळत होतं. सातरस्ता म्हणतोय तेच हे. वाजवणारा बघत असला पाहिजे.

सातरस्ता
@हलगी हेच बे! मला मांडता येत नव्हतं.

भवानी पेठ
आता फायबरच्या आल्यात, तापवायची गरजच नाही. पाऊस असो काही असो. पण तो टणत्कार नाही येत, खरंय ना?

हलगी हलगी
नाही येत. पण वाजवणाऱ्यांचं ऐकलं तर त्यांना सोयीची वाटते. रात्री लग्नाच्या वरातीत कुठं जाळ करत बसणार ते.

साऊंडवाला
आमचं मंडप साऊंडचं काम आहे म्हणून सांगतो. व्हुव्हुझेलाचा सूर एकच, साधारण २३३ हर्ट्झ, आणि त्याच्या पटीतले वरचे, ४६६ वगैरे. म्हणून टीव्हीवाल्यांनी नेमक्या तेवढ्या पट्ट्या कापून आवाज कमी केला. पण माणसाचा आवाजही त्याच भागात राहतो, जास्त कापलं की कॉमेंट्री डब्यातून आल्यासारखी. आणि हजारो लोक, प्रत्येकाचा सूर केसभर इकडंतिकडं, म्हणून ती घरघर. एकटा वाजवला तर तो घरघरत नाही, हंबरतो.

रेल्वेलाईन
बीबीसीकडे तेव्हा शेकड्यांनी तक्रारी गेल्या होत्या. आधीच्या वर्षी कॉन्फेडरेशन्स कपलाच स्पेनच्या झाबी अलोन्सोनं बंदी घाला म्हणून सांगितलेलं. मेस्सी, रोनाल्डो सगळ्यांनी कुरकुर केली. फिफाचा तेव्हाचा अध्यक्ष ब्लाटर मात्र ऐकला नाही, आफ्रिकेचा आवाज आहे म्हणाला. सप्टेंबरात युएफानं, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेनं, आपल्या स्पर्धांत बंद केला. विम्बल्डनवाल्यांनी तर त्याच जूनमध्ये.

मास्तर पी.टी.
मी शाळांच्या स्पर्धांना रेफ्री म्हणून उभा राहतो, पार्कवर आणि इतर मैदानांवर. माझा त्रास वेगळा आहे. मला भोंगा चालतो, ढोलही चालतो, पण प्रेक्षकातली शिट्टी चालत नाही.

एका उपांत्य सामन्यात एका शाळेच्या पोरांनी शिट्ट्या आणल्या होत्या. बचावपटू पेनल्टी भागात बॉल अडवायला उभा, मागून कुणीतरी शिट्टी फुंकली. त्याला वाटलं फाऊल, त्यानं बॉल सरळ हातात उचलला. समोरचे 'पेनल्टी, पेनल्टी' ओरडत धावले. नियम स्पष्ट आहे: बाहेरच्या शिट्टीमुळे खेळात व्यत्यय आला तर रेफ्रीनं खेळ थांबवायचा आणि ड्रॉप बॉलनं, म्हणजे स्वतः बॉल खाली टाकून, सुरू करायचा. मी तेच केलं. त्यावर दुसऱ्या शाळेचे शिक्षक मैदानात आले आणि पंधरा मिनिटं गेली वादात. तो बचावपटू हमसून रडत होता, त्याचं काहीही चुकलेलं नसताना. माझा राग त्या शिट्टीवाल्यावर कमी आणि त्याच्या हातात शिट्टी देऊन पाठवणाऱ्या मोठ्या माणसांवर जास्त आहे.

जुळेसोलापूर
सर, ड्रॉप बॉलचा हा नियम मला माहीतच नव्हता. त्या पोराचं काय झालं पुढं?

मास्तर पी.टी.
टीम हरली, तो पुढच्या वर्षी कॅप्टन झाला. मोठी मॅच असली की आता मी आधीच दोन्ही शाळांना सांगतो, शिट्टी सोडून काहीही आणा.

पूर्वभाग
उशिरा लिहिते. आमचे नायना, म्हणजे वडील, आयुष्यभर पॉवरलूमवर. टॉवेलचा कारखाना, पत्र्याची शेड, धोटा इकडून तिकडे आपटत राहणार. तिथं कुणी बोलत नाही. हातानं खूण, नाहीतर ओठ वाचायचे. तंबाखू पाहिजे, सूत तुटलं, मालक आला, प्रत्येकाची खूण ठरलेली. लहानपणी डबा द्यायला गेले की मी पण तशीच बोलायचे.

२०१० ला आम्ही सगळे तोंड वाकडं करत होतो आणि नायना शांतपणे मॅच बघत होते. भाऊ म्हणाला, तुम्हाला त्रास नाही होत? म्हणाले, आवाज एकसारखा असला की ऐकू येत नाही. माग थांबला की कळतं. त्यांना खरंच तो आवाज जाणवतच नव्हता. उलट घाना उरुग्वेच्या मॅचला शेवटच्या मिनिटाला उरुग्वेच्या सुआरेझनं हातानं बॉल अडवला, पेनल्टी मिळाली, घानाचा ग्यान मारायला उभा राहिला आणि बॉल बारला लागून वर गेला, तेव्हा नायना म्हणाले, 'आता कमी झाला बघ.' रात्रीचे दोन वाजून गेले असतील. आम्हाला फरक कळला नाही. त्यांना कळला.

आता त्यांना खूप कमी ऐकू येतं. टीव्ही एवढा मोठा लावतात की शेजारी बोलून दाखवतात. त्यामुळे गोंगाटाचा विषय निघाला की मला मजा येत नाही, माफ करा.

नवीपेठ वहिनी
माफी कसली गं. आमच्या सासऱ्यांचंही मिलमध्ये असंच झालं. आम्हाला वाटायचं मुद्दाम ऐकत नाहीत.

कानाची ताई
मी ऑडिओलॉजिस्ट आहे, पेशंटच्या मधल्या वेळेत लिहितेय. @पूर्वभाग, वडिलांची एकदा नीट ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. आवाजानं गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही, पण मशीननं बोलणं समजायला मदत होते. आधी 'स', 'त', 'फ' असे बारीक आवाज जातात, म्हणून त्यांना आवाज येतो पण शब्द कळत नाही. घरच्यांनी ओरडण्यापेक्षा समोर येऊन, तोंड दिसेल असं सावकाश बोलावं. ओठ वाचायची सवय त्यांना आहेच, ती कामी येईल.

बाकीच्यांसाठी: ८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या ठिकाणची मर्यादा धरतात. प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे १०० ला फक्त १५ मिनिटं. व्हुव्हुझेला तोंडाजवळ ११० च्या वर जातो. तुमच्या पुढच्या रांगेतल्या माणसाच्या कानाचा विचार करा. लहान मुलं नेली तर कानात बोळे घाला, मेडिकलमध्ये मिळतात.

पूर्वभाग
ताई, 'स' चं तुम्ही लिहिलंत ते अगदी तसंच होतं. आम्ही 'साखर' म्हणतो, ते 'काय खर' विचारतात. किती दिवस आम्ही चिडत होतो. घेऊन जाते.

विजापूररोड
थोडं उलटं बोलतो, रागावू नका. दक्षिण आफ्रिकेला वर्णभेदामुळं फिफानं १९७६ ला काढून टाकलं होतं, १९९२ ला परत घेतलं. त्यांच्या घरी पहिल्यांदा वर्ल्डकप आला, आफ्रिकेत पहिल्यांदा आला. त्यांच्या मैदानात वर्षानुवर्षं जे वाजतं ते त्यांनी वाजवलं. हा भोंगा कुणाचा यावरून तिथंही भांडण आहे, तिथल्या कैझर चीफ्स क्लबचा एक चाहता म्हणतो मी सायकलच्या हॉर्नपासून बनवला, शेंबे चर्चवाले म्हणतात आमचा. म्हणजे त्यांना त्याचं प्रेम आहे. पाहुणा येऊन म्हणणार आवाज कमी करा? उद्या सिद्धेश्वराच्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीत कुणी बाहेरचा येऊन म्हणाला ढोल बंद करा, तर आपण काय म्हणू? टीव्हीवर नको असेल तर बटण आहे.

सातरस्ता
@विजापूररोड तुझं पटतं. बंदी मला पण नकोच होती. पण नंदीध्वजाच्या ढोलाला ताल आहे की रे, ध्वजाची काठी उचलली की बदलतो.

विजापूररोड
तुझ्या कानाला ताल आहे. तिथल्या माणसाच्या कानाला व्हुव्हुझेल्यातही असेल. लीगच्या मॅचला तिथं गाणीही असतात म्हणे, तो सगळा भाग टीव्हीवर पोचलाच नसेल.

रेल्वेलाईन
ब्राझीलनं २०१४ साठी काशिरोला काढला होता, खुळखुळ्यासारखा. २०१३ ला साल्व्हादोरला लोकांनी तो मैदानातच फेकला, मग तोही बंद. वाद्य बनवून लोकांच्या हातात दिलं की असं होतं. मैदानात आपोआप येतं तेच टिकतं.

हॉस्टेलवाली
आइसलँड!! २०१६ च्या युरोत इंग्लंडला २-१ हरवलं तेव्हाची टाळी. ढोलाचा एक ठोका, हात वर, मग सगळ्यांची मिळून एक टाळी, मग शांतता. परत. हळूहळू जवळ येत जातं. आम्ही दहा जणींनी मेसमध्ये करून बघितलं, रेक्टर मॅडम धावत आल्या. मला सगळ्यात आवडतो तो मधला गप्प भाग. भोंग्यात तो नाहीच.

अंधेरीचा सोलापुरी
आवाजच नसला तर काय होतं ते मी बघितलंय. २०१८ चा इंटरकॉन्टिनेंटल कप, अंधेरीचं मैदान, चायनीज तैपेईला आपण ५-० हरवलं आणि अडीच हजारांच्या आसपास लोक. गोल झाला की टाळ्या एकेकट्या ऐकू यायच्या. गोलकीपर बचावाला काय ओरडतोय तेही. मग आपला कॅप्टन छेत्रीनं हात जोडून व्हिडिओ टाकला, शिव्या द्या पण स्टेडियममध्ये या. पुढची मॅच केनियाशी, ४ जून, त्याची शंभरावी. तिकिटं संपली. पाऊस कोसळत होता, शेजारच्या माणसाचा ढोल भिजून ढब् ढब् करत होता आणि तरी तो थांबेना. ३-० जिंकलो. त्या दिवशी मला कुणी व्हुव्हुझेला आणून दिला असता तर मीही वाजवला असता.

भवानी पेठ
लई भारी लिहिलास राव.

कडकभाकरी
झाल्या भाकऱ्या. सगळं वाचलालो आत्ता. पूर्वभाग ताई, नायनांना घेऊन जावा लवकर. आणि ते गड्ड्यातले भोंगे कितीला मिळतात बे? पोरगं मागं लागलंय.

सातरस्ता
घेऊ नको. माझ्या खिडकीखाली आधीच सहा आहेत.

मास्तर पी.टी.
घ्या, पण पोराला सांगा की बॉल बघून वाजव. रविवारी सकाळी पार्कवर चौदा वर्षांखालची मॅच आहे, घेऊन या त्याला. शिट्टी आणली तर मात्र गेटवरच काढून घेईन.

जुळेसोलापूर
किती वाजता सर?

मास्तर पी.टी.
साडेसात. गड्ड्यामुळे गाडी लावायला जागा मिळणार नाही, चालतच या.