नातवाचं कौतुक पोटात मावत नाही, आणि त्याला ते आता नको झालंय

माशेलची आजी:
नमस्कार मंडळी. वाचते रोज, लिहितेय पहिल्यांदाच, टायपिंग हळू आहे त्यामुळे चुका सांभाळून घ्या.

माझा नातू 13 वर्षांचा आहे, आठवीत. सून पणजीला नोकरीला आणि मुलगा वेर्ण्याला कंपनीत, त्यामुळे 3 महिन्यांचा असल्यापासून तो माझ्याच हाताखाली वाढला. धाकटी एक नातपण आहे, 5 वर्षांची. तो झाला तेव्हा ह्यांनी परसात माड लावला होता, त्या माडाला सातव्या वर्षी पहिली पोय म्हणजे फुलोरा आला आणि त्याच महिन्यात ह्याचे पुढचे दोन दात पडले, असं सगळं माझ्या लक्षात आहे.

दोन वर्षं झाली पखवाज शिकतोय. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात ना, ती मळून द्यायचं काम माझं. सैल झाली तर आवाज फसफसतो, घट्ट झाली तर सुकून सुटते. पहिले पहिले मला जमायची नाही, तो दोन थापा मारून म्हणायचा आजी अजून थोडं पीठ, आणि मी तशीच पिठाच्या हातांनी शेजारी बसून ऐकायची. आता बोटांनाच कळतं.

यंदा आषाढी एकादशीला देवकीकृष्णाच्या देवळात भजन उभं राहिलं, 24 तासांचं असतं आमच्याकडे, त्यात पहाटे चारला नातवाच्या पखवाजाच्या वर्गातल्या मुलांची पाळी होती. मी साडेतीनलाच जाऊन खांबाला टेकून बसले. एरवी घरात बूट इकडे आणि दप्तर तिकडे टाकणारा हा पोर, पण तिथे मांडी घालून असा ताठ बसला होता की मला वाटलं हा कोणाचा मुलगा. दुसऱ्या दिवशी चिखलकाला, म्हणजे देवळासमोरच्या मैदानात चिखलातले खेळ. 3 वर्षांचा होता तेव्हा आजोबांच्या खांद्यावरून चिखल बघून रडला होता, आणि यंदा तोच अंगाला तेल लावून मैदानात, सगळी मुलं चिखलाने एकसारखी झालेली, डोळे आणि दात तेवढे दिसतात, तरी मी त्याला चालीवरून ओळखला. आजोबांचीच चाल आहे. ते आता नाहीत.

तर झालं असं की मी पखवाजाचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला, मग वाड्याच्या ग्रुपवर, मग महिला मंडळाच्या. मासळीवाली आली तिला दाखवला. त्याचे दोन मित्र आले होते त्यांच्यासमोर शेजारणीला सांगत होते की सर म्हणतात ह्याचा हात फार गोड आहे. मित्र गेल्यावर मला म्हणाला, "आजी, सगळ्यांक सांगत बसूं नाका गो, म्हाका लज दिसता." आणि आत जाऊन दार लावून घेतलं. गेले चार दिवस कणीक स्वतःच मळून घेतोय.

आमच्या वेळी कौतुक हा प्रकारच नव्हता. गोवा पोर्तुगीजांपासून मुक्त झाला तेव्हा मी 6 वर्षांची होते. नंतर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव मराठी शाळा निघाल्या त्यातल्याच एकीत शिकले, आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली पहिली मुलगी मी. चौथीला पहिला नंबर आला तर आई म्हणाली बरं, आता भांडी घास. प्रेम नव्हतं असं नाही, दिष्ट पडेल ही भीती. पण ते माझ्या मनात राहिलं आणि मी तेव्हाच ठरवलं होतं की माझ्या पोरांना तोंडभरून म्हणेन. मुलाच्या वेळी कामाच्या रगाड्यात राहूनच गेलं, ते सगळं आता नातवावर निघतंय बहुतेक. माझं चुकतंय का? तुम्ही लोक हे एवढं कौतुक ठेवता तरी कुठे?

पेडण्याची माई:
अहो ताई, अगदी माझ्या घरातलं लिहिलंत. माझा नातू नववीत, दशावतारात लहान काम मिळालं त्याला, मी पहिल्या रांगेत बसून बघते म्हणून आधी चिडायचा. दुधापेक्षा सायच जास्त आवडते माणसाला, त्यात चुकीचं काय. मी आता रोज संध्याकाळी बहिणीला फोन करते, अर्धा तास ती तिच्या नातवाचं सांगते, अर्धा तास मी माझ्या. दोघी तृप्त. आणि दिष्ट मात्र काढा हो, मीठ-मिरची ओवाळून चुलीत टाकायला दोन मिनिटं लागतात, पहाटेच्या भजनात किती जणांची नजर पडली असेल.

डिचोलीचे मास्तर:
आजी, नमस्कार. 26 वर्षं शाळेत आहे, सगळी सातवी-आठवीचीच मुलं. ह्या वयात मित्रांसमोर केलेलं घरच्यांचं कौतुक मुलांना अंगावर पाल पडल्यासारखं होतं, पण एकटं असताना केलेलं हवंच असतं, हे मी खात्रीने सांगतो. तेव्हा आधी व्हिडिओ टाकण्यापूर्वी त्याला विचारा. तो नाही म्हणाला तर नाही.

दुसरं, कौतुक कशाचं करतो त्याने फरक पडतो. 1998 साली क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक ह्या दोघी अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांचा पाचवीतल्या मुलांवरचा अभ्यास छापून आला होता. कोडी सोडवल्यावर काही मुलांना म्हटलं तू हुशार आहेस, काहींना म्हटलं तू मेहनत घेतलीस. मग मुद्दाम कठीण कोडी दिली तर हुशार म्हटलेली मुलं लवकर खचली आणि मेहनतवाली चिकटून राहिली. मी वर्गात हे करून बघितलंय, खरंच होतं. हात गोड आहे म्हटलं की मुलाला वाटतं उद्या वाकडा वाजला तर मग मी कोण? त्यापेक्षा तुम्ही पीठाच्या हातांनी बसून जे ऐकलंत ते सांगा ना. मागच्या महिन्यात कुठे अडत होता आणि आता अडत नाही, ते तुमच्याएवढं कोणालाच माहीत नाही, त्याच्या सरांनाही नाही.

फोंड्याचा, सध्या पुण्यात:
आजी मी तुमच्या नातवाच्या बाजूने लिहितो कारण मी तसाच होतो. शाळेच्या नाटकात माझं काम होतं, आजीनेच घरी माझ्याकडून पाठ करून घेतलेलं, ती प्रेक्षकांत बसून माझं वाक्य माझ्याआधी ओठांत म्हणायची आणि ते मला स्टेजवरून दिसायचं. सगळी मुलं चिडवायची. एका वर्षी मी तिला येऊ नको म्हटलं. ती आली नाही. त्या दिवशी मी मधेच अडकलो आणि समोर बघितलं तर ते ओठ नव्हते. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. ती 86 वर्षांची आहे, कमी ऐकू येतं, गणेश चवथीला घरी जाईन तेव्हा सांगतो, ओरडून सांगावं लागलं तरी. तुमचा दार लावून बसलाय तो रागाने नव्हे, थोडे दिवस जाऊ दे.

दोघींची आई, म्हापसा:
सगळ्यांनी छान लिहिलंय पण मला एक वेगळंच दिसलं, आजी राग मानू नका. तुमच्या एवढ्या मोठ्या पोस्टमध्ये नातीला एकच ओळ आहे. माझ्या सासूबाई थोरलीचं असंच करायच्या, मनात काही वाईट नव्हतं, थोरली गाते म्हणून. धाकटी एकदा मला म्हणाली, आई मी काय केलं तर आजी फोनवर माझं सांगेल? तेव्हा ती सहा वर्षांची होती. मी सासूबाईंना सांगितलं तर त्या दोन दिवस गप्प होत्या. आता धाकटीला जवळ घेऊन नारळ खवायला बसतात. 

माशेलची आजी:
सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला आठवडा लागला. म्हापशाच्या ताई, तुमचं वाचून त्या रात्री झोप लागली नाही. मी मोबाईल उघडून फोटो बघितले, नातवाचे किती आणि तिचे किती ते. पुढे लिहीत नाही.

ग्रुपवरचा व्हिडिओ मी काढला, आणि त्याला सांगितलंही की काढला. तो नुसता "बरं" म्हणाला. दोन दिवसांनी तो वाजवत असताना मी दारातूनच म्हटलं, त्या जलद जागेवर पूर्वी तू श्वास रोखून धरायचास, आता धरत नाहीस. त्याने वळून बघितलं, म्हणाला, तुला कसं कळलं? मी म्हटलं खांदे वर यायचे तुझे. मग परत वाजवायला लागला, ती जागा तीनदा वाजवली.

काल संध्याकाळी नात स्वयंपाकघरात आली, दादाला कणीक हवी म्हणाली. मी परात तिच्यासमोर ठेवली. तिने एका हाताने पीठ धरलं आणि दुसऱ्या हाताने वाटीतलं पाणी थेंबथेंब घातलं, जीभ बाहेर काढून, कोपरापर्यंत पीठ. मी म्हटलं, पाणी एकदम ओतलं नाहीस म्हणून बघ कशी जमली. ती गोळा दोन्ही हातांत धरून दादाकडे गेली, त्याने लावून दोन थापा मारल्या आणि आतूनच ओरडला, थोडं पीठ अजून. ती धावत परत आली.