साडेतीन महिन्यांच्या बाळासाठी पावडरचे दूध कसे निवडावे?

प्रश्न – नवी आई, नाशिक
बाळाचे वजन अपेक्षेप्रमाणे वाढत नसल्यामुळे डॉक्टरांनी अंगावरच्या दुधाच्या जोडीला दिवसातून दोनदा पावडरचे दूध देण्यास सांगितले आहे. दुकानात एका डब्यावर डीएचए (मेदाचा एक प्रकार), दुसऱ्यावर प्रोबायोटिक (उपयुक्त जिवाणू) असे लिहिलेले असून किमतींत बरीच तफावत आहे. सासूबाईंच्या मते गाईच्या दुधात पाणी घालून दिले तरी चालेल. काय करावे?

उत्तर – बालरोग विभागातील परिचारिका
गाईचे दूध एक वर्षापर्यंत मुख्य आहार म्हणून देऊ नये, कारण त्यात लोह फारच कमी असते आणि प्रथिने व क्षार बाळाच्या मूत्रपिंडांना झेपणार नाहीत इतके जास्त असतात. पाणी घातले की उष्मांकही घटतात. डब्यावर १ हा आकडा, म्हणजे जन्मापासून सहा महिन्यांपर्यंतचा टप्पा, आणि एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा परवाना क्रमांक पाहावा. आवश्यक पोषकद्रव्यांचे प्रमाण नियमांनीच ठरवून दिलेले असल्यामुळे, निरोगी बाळासाठी महागडा डबा घेण्याचे कारण मला तरी दिसत नाही. साखरेच्या बाबतीत मात्र घटकांची यादी वाचा. लॅक्टोज ही दुधातलीच साखर आहे, सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखर, टाळलेले बरे. सोया किंवा लॅक्टोजविरहित दूध डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय आणू नये.

उत्तर – दोन मुलांचा बाबा
१९९२च्या कायद्याने अशा दुधाची जाहिरात, मोफत नमुने आणि डब्यावर बाळाचे चित्र या सर्वांना मनाई आहे, तेव्हा कोणी नमुना हातात ठेवला तर सावध राहावे. खरी काळजी दूध कालवताना घ्यावी लागते. डब्यातलाच चमचा वापरावा, तो शिगोशीग न भरता सुरीच्या पाठीने सपाट करावा आणि पाणी आधी मोजून मगच पावडर घालावी. पातळ केले तर बाळ उपाशी राहते, घट्ट केले तर त्याला त्रास होतो.

उत्तर – परिचारिका
पावडर निर्जंतुक नसते, म्हणून जागतिक आरोग्य संघटना उकळलेले पाणी ७० अंशांखाली जाण्याआधीच त्यात पावडर मिसळण्यास सांगते. नंतर भांडे गार पाण्यात धरून दूध कोमट करावे आणि मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून पाहावे. तयार दूध दोन तासांत संपवावे, उष्टे राहिलेले टाकून द्यावे.

प्रश्नकर्ती
धन्यवाद. बाटली घ्यावीच लागेल का?

उत्तर – परिचारिका
मुळीच नाही. वाटी-चमचा किंवा बोंडले उकळून वापरा; बाटलीच्या बुचापेक्षा ते स्वच्छ ठेवणे सोपे असते. आधी अंगावर पाजा, मग वरचे द्या, म्हणजे तुमचे दूध आटणार नाही.