सोसायटी ग्रुप (फक्त कामाचे मेसेज) : वरच्या मजल्यावरच्या उड्या

बी-१०२ काकू: वरती पहाटे साडेपाचला नक्की काय चालतं? मांडणीवरचे डबे हलतायत. आज ह्यांना वाटलं कोयनेचा धक्का बसला, उठून दाराच्या चौकटीत जाऊन उभे राहिले.

बी-२०२: काकू, तो मी. व्यायाम सुरू केलाय.

सी-३०४ काका: एकट्याचो आवाज? माका वाटला चार माणसा आसत.

सचिव: हा ग्रुप फक्त कामाच्या मेसेजसाठी आहे. तरी विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, ध्वनी प्रदूषणाच्या २००० च्या नियमांत रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. साडेपाच ही रात्रच.

बी-२०२: साडेसातला लांज्याची एसटी धरायची असते. मग कधी करू?

सी-२०१ आजोबा: पण कसला व्यायाम? सूर्यनमस्काराने डबे हलत नाहीत. मी चाळीस वर्षं घालतोय.

बी-२०२: आजोबा, 'इन्सॅनिटी' म्हणून साठ दिवसांचा कार्यक्रम आहे, अमेरिकेतला. घरीच करायचा, वजनं नाहीत, मशीन नाही. आठवड्यातून सहा दिवस. दम लागेपर्यंत उड्या, बर्पी (वाकून हात टेकायचे, पाय मागे फेकायचे, परत उठून उडी), जागच्या जागी पळणं, मध्ये अगदी थोडी विश्रांती. गणपतीच्या आत पोट उतरवायचंय.

बी-२०२ वहिनी: आणि खाण्याचा तक्ता फ्रीजवर चिकटवलाय तोही वाचा सगळ्यांनी. क्विनोआ, ब्रोकोली, सामन मासा, ॲव्होकॅडो. दिवसाला १२०० कॅलरी. रत्नागिरीत मारुती मंदिर भागात ब्रोकोली मिळाली एकदा, काय भावाने ते इथे लिहीत नाही, सासूबाई ग्रुपवर आहेत.

ए-१०३ दादा (मिरकरवाडा): तू सुरू कधी केलंस रे?

बी-२०२: १ जूनला. आंबे संपल्यावर.

ए-१०३ दादा: आणि मासेमारीची बंदी कधी लागली? १ जूनला. ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटी बंद. तुझे साठ दिवस आणि आमचे एकसष्ट. वर्षभर बांगडा दारात येतो तेव्हा साहेब चिकन फ्राय खातात आणि नेमके बंदीत मासे खायला निघाले 😂

सी-३०४ काका: तुमी कुडाळाक येवा माझ्यावांगडा. लावणी सुरू जातली आता. चार दिवस चिखलात वाका, पोट नाय उतारला तर माका सांगा.

बी-१०२ काकू: हसण्यावारी नेऊ नका. काल त्याला जिन्यात पाहिलं, कठडा धरून खेकड्यासारखा आडवा उतरत होता.

ए-३०१ फिजिओ: काकू, नव्या व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखतात, जिना उतरताना जास्तच. त्याची काळजी नाही. बाकीच्याची आहे. संध्याकाळी क्लिनिकमधून आले की सविस्तर लिहिते. तोपर्यंत उड्या बंद.

ए-३०१ फिजिओ: आले. मोठा मेसेज आहे, वाचायचा तर नीट वाचा.

व्यायाम वाईट नाही. जोर, विश्रांती, पुन्हा जोर, ही पद्धत चांगली तपासलेली आहे. जपानच्या इझुमी ताबाता यांचा १९९६ चा अभ्यास प्रसिद्ध आहे: २० सेकंद जीव तोडून, १० सेकंद विश्रांती, असे सात-आठ फेरे, सहा आठवडे. पण ते लोक होते विद्यापीठाच्या संघातले खेळाडू, आणि व्यायाम होता एका जागी बसवलेल्या सायकलवर. तिथे गुडघ्यावर उडीचा दणका नाही. दिवसभर खुर्चीत बसून बँकेचं काम करणाऱ्या माणसाने तेवढ्याच जोराने फरशीवर आपटायचं, असा त्याचा अर्थ होत नाही.

दुसरं, आपली हवा. घाम नुसता गळून अंग गार होत नाही, तो वाळावा लागतो. रत्नागिरीत जूनमध्ये दमटपणा ऐंशी टक्क्यांच्या वर असतो, घाम वाळणार कुठे? म्हणजे व्हिडिओ बघून त्यांच्या वेगाने करायला गेलात की अंग तापतच जातं. शरीराला उष्म्यात कष्ट करायची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. तेवढे दिवस अर्ध्या वेळात थांबायचं. खिडकी उघडी, पंखा चालू. पाऊस आत आला तर आला.

हे मात्र कुणी हसण्यावारी नेऊ नका: एकदम अतिश्रम झाले, त्यातून उष्मा आणि पाणी कमी, तर स्नायू तुटून त्यातले घटक रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो. लघवी गडद तपकिरी, चहासारखी झाली, स्नायू सुजले, नेहमीच्या ठणक्यापेक्षा फार जास्त दुखायला लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टर. 'उद्या बघू' नाही. छातीत दुखलं, चक्कर आली तरी तेच.

सी-२०१ आजोबा: मला बीपीची गोळी आहे. मी केलं तर?

ए-३०१ फिजिओ: तुम्ही भाट्याच्या पुलापर्यंत चालता ते चालू ठेवा आजोबा. जोराचं काही करायचं तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनीही. व्यायामाने साखर एकदम खाली येऊ शकते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा. शिवाय दोन दिवस स्नायूंसाठी. तुमचं चालणं त्यात बसतं.

बी-२०२: मग मी सोडून देऊ का ताई?

ए-३०१ फिजिओ: सोडू नकोस, बदल. एक दिवसाआड कर. उडीच्या जागी बाजूला पाऊल टाक, हात तसेच वर. बर्पीत पाय मागे फेकायचे नाहीत, एकेक न्यायचा. पुशअप आधी भिंतीवर, मग ओट्यावर, मग जमिनीवर. दम तरीही चांगला लागतो आणि काकूंचे डबे जागेवर राहतात. तो हिरवा मॅट घातलास म्हणून स्लॅबचा आवाज जात नाही, त्याने फक्त गुडघ्याला मऊ वाटतं.

बी-२०२ वहिनी: आणि खाणं? मला त्यातच रस आहे. दोन स्वयंपाक होत नाहीत माझ्याने.

ए-३०१ फिजिओ: तो तक्ता काढून टाका. एवढ्या श्रमाला १२०० कॅलरी म्हणजे उपासमार आहे, आठवड्यात चिडचिड आणि रात्री अकराला फरसाण. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरणं सुरक्षित म्हटलंय. प्रथिनं वजनाच्या किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम. ह्याचं वजन समजा सत्तर, तर अठ्ठावन्न ग्रॅम. व्यायाम वाढला की थोडी जास्त. त्याला प्रथिनांच्या पावडरीचा डबा विकत घ्यायला नको, पावडरींबद्दल त्या संस्थेने सावधच केलंय.

बी-२०२ सासूबाई: मी केव्हाची सांगत्ये, कुळथाचं पिठलं कर. ऐकतंय कोण.

ए-३०१ फिजिओ: आजी बरोबर आहेत 🙏 शंभर ग्रॅम कुळथात बावीसेक ग्रॅम प्रथिनं असतात. एक अंडं सहा ग्रॅम. मुगागाठी, मटकीची उसळ, ताक, ह्यावर साठ ग्रॅम सहज होतात. व्यायामाआधी उकड्या तांदळाची वाटीभर पेज, मीठ घालून. भात बंद करायचा नाही, दुसऱ्यांदा वाढून घ्यायचा नाही.

ए-१०३ दादा: आणि मासे? माझं पोट त्यावर आहे ताई.

ए-३०१ फिजिओ: सामनाची गरज नाही दादा, बांगडा-तारलीतही ओमेगा-३ हे चांगलं तेल भरपूर असतं. बंदी उठली की खुशाल खा, पण तळून नको, तिखलं करा. तोवर सुका जवळा आहे. तो धुऊन घ्यायचा. खारा बांगडा मात्र बीपीवाल्यांनी लांबून बघायचा, दिवसाचं मीठ सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत हवं.

सी-३०४ काका: सोलकढी?

ए-३०१ फिजिओ: काका, सोलकढी चालेल, पण चार वाट्या नाही, त्यात नारळाचं दूध असतं. घाम गेल्यावर पाण्यात थोडं कोकमाचं आगळ घाला. ते मुळातच खारट असतं, वर मीठ नको. बाटलीतलं कोकम सरबत म्हणजे साखर.

सी-३०४ काका: तिनच घेतंय मग.

बी-१०२ काकू: ताई, माझ्या गुडघ्यांचं काय? मी काही करू शकते का ह्यातलं?

ए-३०१ फिजिओ: खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, सावकाश बसायचं. आठ-दहा वेळा. दुखलं तर उंच खुर्ची घ्या. मी बघून सांगते, माझ्याकडे या.

सचिव: माझा प्रस्ताव. तळमजल्याचा मीटिंग हॉल सकाळी ६ ते ६:४५ व्यायामासाठी उघडू. गच्चीवर कुणी जायचं नाही, शेवाळं धरलंय, पाय सरकला तर सोसायटी जबाबदार नाही. घरात सातच्या आधी उड्या नाहीत. हरकत असल्यास उद्यापर्यंत कळवा.

बी-२०२: मला चालेल. पावणेसातपर्यंत केलं तर एसटी मिळते.

बी-१०२ काकू: मला पण चालेल. किल्ली माझ्याकडे ठेवा, मी पाचलाच उठते.

सी-३०४ काका: ह्येनी उठवल्यानी म्हणान 😄

सचिव: हॉलमधले गणपतीच्या मखराचे थर्माकोल आणि बांबू रविवारी हलवायला चार माणसं लागतील. नावं द्या.

बी-२०२: मी.

सी-३०४ काका: मी आसय.

ए-१०३ दादा: मी आणि धाकटा. रविवारी खाडीची थोडी मासळी मिळाली तर आणतो, कुणाला वाटा हवा त्यांनी शनिवारपर्यंत सांगा.

बी-२०२ वहिनी: आम्हाला दोन. तक्ता काढलाय.