जुनी पितळी उपकरणं: पोरांच्या हातात द्यावी की काचेत ठेवावी?

धंतोलीकर:
आमच्या कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये एक सागवानी कपाट आहे. आत व्हर्नियर थिओडोलाइट (सर्व्हेत कोन मोजायची दुर्बीण), टँजंट गॅल्व्हॅनोमीटर (चुंबकसुई किती वळते त्यावरून वीजप्रवाह मोजणारा), फोर्टिनचा बॅरोमीटर (हवेचा दाब मोजणारा). आता हे सगळं शोकेसमध्ये ठेवून समोर पाट्या लावायचं घाटतंय. माझा ठाम विरोध. मागच्या महिन्यात गॅल्व्हॅनोमीटर बीएस्सीच्या चौघांना दिला. प्रवाह कोनाच्या टॅनच्या प्रमाणात असतो, हे चौघांना तोंडपाठ. पण कॉइल चुंबकीय उत्तर-दक्षिण रेषेत लावण्यातच अर्धा तास गेला. मग प्रवाह उलटा केला तर एकीकडे ४२ अंश, दुसरीकडे ४९! तारा तपासल्या, सेल बदलला. शेवटी एकीला सापडलं: कॅल्क्युलेटर म्हणून शेजारी ठेवलेला मोबाईल. त्याच्या स्पीकरमधलं चुंबक सुईला ओढत होतं. पाटी वाचून हे कळलं असतं?

जतनवाला:
कळलं नसतं, मान्य. पण मी अशा वस्तूंच्या जतनाचं काम करतो, म्हणून दुसरी बाजू रोज बघतो. एका शाळेत शिपायानं चिंच-मीठ लावून जुना मायक्रोस्कोप लख्ख केला. वरचं लॅकर, म्हणजे संरक्षक लेप, गेलंच, बनवणाऱ्याचं कोरलेलं नावही पुसट झालं. घामातल्या क्षारानं पितळेवर बोटांचे ठसे कायमचे उमटतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात तळहाताची काय दशा असते ते सांगायला नको. थिओडोलाइटच्या चकतीवरच्या रेघा केसासारख्या बारीक, बऱ्याचदा चांदीच्या पट्टीवर आखलेल्या. एकदा घासल्या की संपलं. पोरांना प्रतिकृती द्या.

बर्डीचा भाऊ:
काहून बे, एवढं काय नाजूक असते? हिंदुस्थानची मोठी मोजणी सुरू करणारा तो इंग्रज लॅम्बटन, त्याचा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळावर चढवताना दोर तुटला अन् धाडकन भिंतीवर आदळला. पठ्ठ्यानं सोता बसून वाकलेली चकती सरळ केली अन् पुढंबी तोच वापरला. १८२३ मध्ये नागपूरले येता येता मेला, आपल्या हिंगणघाटात. उपकरण आहे राजेहो, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण नाही.

जतनवाला:
भाऊ, त्याच्यापुढे दुसरा इलाज नव्हता. आपल्यापुढे आहे.

साखळीवाला:
उभा जन्म सर्व्हेत गेला, म्हणून प्रतिकृतीबद्दल बोलतो. थिओडोलाइटला समोरासमोर दोन व्हर्नियर, म्हणजे अंशाचे बारीक भाग वाचायच्या पट्ट्या, असतात. का? चकतीचा मध्य आणि ती ज्या आसाभोवती फिरते त्याचा मध्य तंतोतंत जुळवणं कोणालाच जमत नाही. दोन्हीकडे वाचून सरासरी घेतली की तो फरक जातो. मग दुर्बीण उलटवून तीच खूण पुन्हा धरायची. दुर्बिणीची रेषा तिरकी असली तर तीही चूक कटते. म्हणजे आपलं काम शंभर टक्के अचूक नाही हे कारागिराला ठाऊक होतं आणि त्यानं तोडगा यंत्रातच बसवला. सुताराकडून करून घेतलेल्या प्रतिकृतीत चुका भरपूर मिळतील, पण त्या सुताराच्या.

मोरभवन:
आणि बॅरोमीटर? त्यात पारा आहे. तो फुटला तर शोकेसचा वाद राहील बाजूला.

धंतोलीकर:
बॅरोमीटर कुलपातच राहील, ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. हस्तिदंती टोक पाऱ्यातल्या आपल्याच प्रतिबिंबाला टेकेपर्यंत पारा वर आणायचा, हे बघायला फार सुंदर असतं, पण असो. थिओडोलाइट मात्र शनिवारी गच्चीवर नेणार. जतनवाले, तुम्हीही या.

जतनवाला:
येतो. मत बदललं असं समजू नका. आधी फोटो काढा, चकतीवरचा ओरखडा न् ओरखडा वहीत नोंदवा. सुती हातमोजे नकोत, त्यातून वस्तू निसटते, नायट्राइलचे, म्हणजे पातळ रबरी, आणा. आणि पायाचे स्क्रू आखडले असतील तर मी येईपर्यंत कोणी पकड लावू नका.