मदत हवी आहे: मराठी-हिंदी एकत्र उपासना कशी घ्यावी?

जय ख्रिस्त! आमच्या चर्चमध्ये आधी मराठी उपासना, मग हिंदी. मधल्या चहाला नगरकडची जुनी कुटुंबं चिंचेखाली, कामासाठी आलेली छत्तीसगड-ओडिशाची मंडळी फाटकाजवळ. परवा एक ओडिया बाई आमचं पेटीवरचं भजन, शब्द कळत नसताना, डोळे मिटून गुणगुणत होत्या. फार लागलं मनाला.

२९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्च-मंडळ्या एक होऊन सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली, बालबाप्तिस्मा आणि प्रौढ बाप्तिस्मा दोन्ही मान्य करून. मग आमच्या आड भाषा का यावी? यंदा त्याच दिवशी एकत्र प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा विधी) घ्यायचंय. ज्यांनी असं केलंय त्यांनी कृपया सांगा, संदेशाचं भाषांतर वाक्यागणिक केलं की शेवटी? आणि गाणी कशी निवडलीत?