मधुमेहात पॉपकॉर्न: किती खावेत, कसे करावेत?

सांजभूक

टाइप 2 मधुमेह आहे, गोळी फक्त मेटफॉर्मिनची. दोन जेवणांत मोठं अंतर पडतं, त्यामुळे संध्याकाळी काहीतरी कुरकुरीत लागतंच. पॉपकॉर्नबद्दल दोन टोकांची मतं कानावर येतात. कुणी म्हणतं, मका म्हणजे निव्वळ पिष्ट, हातही लावू नका. कुणी म्हणतं, तंतू भरपूर आहेत, पोटभर खा. जाणकारांनी नेमकं सांगावं:

एका वेळी किती चालतील आणि ते मोजायचे कसे? घरी कमी तेलात केले की बरेच दाणे तसेच राहतात आणि जे फुटतात ते चिवट होतात, ते का? मीठ-तिखट वर टिकत नाही, सगळं वाडग्याच्या तळाशी जातं, त्यावर उपाय काय? आणि मायक्रोवेव्हची तयार पाकिटं कितपत बरी?

---

पथ्यकारण

दोन्ही मतं अर्धवट आहेत. मका हे धान्य आहे आणि त्यात पिष्ट भरपूर आहे, हे खरंच. तेल न घालता फोडलेल्या 100 ग्रॅम पॉपकॉर्नमध्ये कर्बोदकं सुमारे 78 ग्रॅम असतात. त्यातले 14-15 ग्रॅम तंतू असतात. पण 100 ग्रॅम पॉपकॉर्न म्हणजे बारा कप, आणि तेवढे एका बैठकीत खायचे नसतात. 240 मिलीच्या एका कपात साधे पॉपकॉर्न जेमतेम 8 ग्रॅम मावतात. त्यात कर्बोदकं 6 ग्रॅम, तंतू सव्वा ग्रॅमच्या आसपास आणि उष्मांक 31.

मधुमेहाच्या आहारात कर्बोदकांचा एक वाटा 15 ग्रॅमचा धरतात. तीन कप पॉपकॉर्नमध्ये एकूण कर्बोदकं 18-19 ग्रॅम, तंतू वजा केले की साधारण 15. संध्याकाळसाठी हेच माप धरा. दोन-तीन बिस्किटांत जेवढी कर्बोदकं संपतात, तेवढ्यात इथे मोठा वाडगा भरतो आणि चावायला वेळही लागतो. मधुमेहींना पॉपकॉर्न सोयीचे पडतात ते यामुळे. ग्लायसेमिक इंडेक्स (पदार्थ रक्तातली साखर किती भराभर वाढवतो त्याचा आकडा) बहुतेक तक्त्यांत मध्यम गटात दिलेला असतो. तो 60 धरला तर तीन कपांचा ग्लायसेमिक लोड (खाल्लेल्या वाट्याचा साखरेवर पडणारा एकूण भार) 9 च्या घरात येतो, म्हणजे कमी. सहा कप खाल्ले की तोच 18 होतो. "तंतू आहेत, कितीही खा" हा सल्ला इथे कोसळतो.

आता मोजणं. फुटलेल्या पॉपकॉर्नचं माप कपाने घेऊ नका. दाणे चांगले फुलले तर तेवढ्याच मक्याचे चार कप होतात, नीट फुलले नाहीत तर अडीच. कर्बोदकं दोन्ही वेळा जवळपास तेवढीच. म्हणून फोडण्याआधी कोरडे दाणे मोजा. 15 मिलीच्या चमच्याने दोन सपाट चमचे म्हणजे साधारण 25 ग्रॅम दाणे. कच्च्या दाण्यांत दर 10 ग्रॅमला सुमारे 7 ग्रॅम कर्बोदकं धरली की 25 ग्रॅमला 17-18 येतात. स्वयंपाकघरात छोटा वजनकाटा असेल तर उत्तमच. एकदा 25 ग्रॅम वजन करून ते एखाद्या छोट्या वाटीत ओता, कुठवर येतात तिथे खूण करा, मग रोज काटा काढावा लागत नाही.

नुसत्या पॉपकॉर्नवर तासाभरात पुन्हा भूक लागत असेल तर दाणे 20 ग्रॅमवर आणा आणि सोबत 15 ग्रॅम शेंगदाणे किंवा बदाम घ्या. प्रथिनं आणि स्निग्धांश आले की पोट सावकाश रिकामं होतं आणि साखर उडी मारत नाही. उष्मांक 85-90 ने वाढतात, तेवढं लक्षात ठेवा.

---

मंदआच

फोडण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथे गडबड झाली की माणूस कंटाळून पाकिटाकडे वळतो.

पॉपकॉर्नच्या दाण्यात 13-14 टक्के ओल असते आणि त्याचं टरफल घट्ट असतं. दाणा 180 अंश सेल्सियसच्या आसपास तापला की आतल्या वाफेचा दाब वातावरणाच्या साधारण नऊपट होतो, टरफल फाटतं, मऊ पडलेलं पिष्ट फेसासारखं फुगतं आणि लगेच थिजतं. यातली एकही गोष्ट चुकली तर दाणा राहतो. दाणे जुने होऊन सुकले असतील तर वाफच पुरेशी होत नाही. टरफलाला चीर असेल तर वाफ निसटते. आच फार मंद असेल तर देठाकडच्या टोकातून वाफ हळूहळू झिरपून जाते. उलट आच भडक असेल तर बाहेरून दाणा फाटतो पण आतलं पिष्ट पुरतं शिजलेलं नसतं, मग मध्ये कडक गाठ राहते. म्हणून मध्यम आच.

पातेल्यात, 25 ग्रॅम दाण्यांसाठी:

जाड बुडाचं, सुमारे 3 लिटरचं पातेलं घ्या. एक छोटा चमचा (5 मिली) तेल पुरतं, त्याचे उष्मांक 40. लोणी किंवा बटर तळाशी घालू नका, त्यातला दुधाचा अंश आधीच करपतो. तेलात फक्त तीन दाणे टाकून झाकण ठेवा. ते फुटले म्हणजे तेल तयार. आता उरलेले दाणे घाला, पातेलं हलवून ते एका थरात पसरवा आणि पातेलं आचेवरून उचलून अर्धा मिनिट बाजूला धरा. या अर्ध्या मिनिटात सगळे दाणे जवळपास सारखे तापतात. पुन्हा आचेवर ठेवलं की मिनिटभरात बहुतेक सगळे एकदम फुटतात आणि न फुटलेले कमी राहतात.

फुटायला लागले की झाकण एका बाजूने बोटाच्या पेराएवढं उघडं ठेवा, फट आपल्या तोंडाकडे नको. तुमचे पॉपकॉर्न चिवट होतात ते बहुधा इथेच: घट्ट झाकणाखाली दाण्यांतून निघालेली वाफ कोंडते आणि पॉपकॉर्न तीच पुन्हा शोषून घेतात. मधूनमधून पातेलं हलवा. दोन फुटण्यांमध्ये दोन-तीन सेकंदांचं अंतर पडलं की गॅस बंद करून ताबडतोब पसरट ताटात ओता. शेवटचे चार दाणे फुटावेत म्हणून थांबलात तर तळचे जळतात.

तेलाशिवाय: गरम हवेचं यंत्र असेल तर प्रश्नच नाही. मायक्रोवेव्हमध्ये मोठ्या, मायक्रोवेव्हला चालणाऱ्या काचेच्या बोलात 25 ग्रॅम दाणे घालून वाफेला वाट राहील असं झाकण ठेवा. पूर्ण शक्तीवर दोन ते तीन मिनिटं लागतात. तिथून हलू नका, अंतर दोन सेकंदांचं झालं की थांबवा. बोल फार तापतो, जाड फडक्यानेच धरा. साधी कागदी पिशवी यासाठी वापरू नये, कागद पेट घेऊ शकतो.

दाणेच सुकलेले असतील तर त्यांना ओल परत देता येते. घट्ट झाकणाच्या बरणीत तीन कप दाणे आणि एक मोठा चमचा पाणी घाला. पाणी दिसेनासं होईपर्यंत दर पाच-दहा मिनिटांनी हलवा, मग बरणी दोन-तीन दिवस बंद ठेवा. थोडे फोडून पाहा. पुढे दाणे नेहमी हवाबंद बरणीतच ठेवायचे. फ्रिजमध्ये ठेवून फायदा होत नाही, तिथली कोरडी हवा ओल ओढून घेते.

मीठ-तिखट: कोरड्या पृष्ठभागावर जाडं मीठ टिकत नाही. मीठ मिक्सरमध्ये पिठासारखं बारीक करून घ्या, निम्म्या मिठात तीच चव लागते. तीन कपांना छोट्या चमच्याचा आठवा हिस्सा पुष्कळ झाला. पाव छोटा चमचा मीठ म्हणजे दीड ग्रॅम, त्यात सोडियम 600 मिलीग्रॅमच्या जवळ. दिवसभराची मर्यादा 5 ग्रॅम मिठाची, आणि मधुमेहासोबत रक्तदाब असणारे पुष्कळ असतात. चिकटायला ओलावा हवा म्हणून पाणी किंवा लिंबू पिळू नका, पॉपकॉर्न जागच्या जागी आक्रसतात. अर्धा छोटा चमचा तेल फवाऱ्याच्या बाटलीतून गरम पॉपकॉर्नवर मारा आणि लगेच मीठ, मिरपूड, जिरेपूड, लाल तिखट भुरभुरवून हलवा. तिखट तापलेल्या तेलात घालू नका, करपून ठसका उठतो. गोड चव हवी असेल तर नुसती दालचिनीची पूड पुरेशी आहे.

बटरवालं लागतंच, असं असेल तर एवढं समजून घ्या: बटरमध्ये 16 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, त्यामुळे ते ओतलं की पॉपकॉर्न मऊ पडतात आणि हात आणखी बटरकडे जातो. एका मोठ्या चमच्याचे उष्मांक 100, म्हणजे तीन कप साध्या पॉपकॉर्नपेक्षाही जास्त.

---

लेबलवाचक

पाकिटांबद्दल. लेबलवरचा मोठा आकडा बहुधा एका सर्व्हिंगचा असतो, पाकिटाचा नाही. 85-90 ग्रॅमच्या मायक्रोवेव्ह पाकिटात अडीच-तीन सर्व्हिंग धरलेली असतात. पूर्ण पाकीट संपवलं तर कर्बोदकं 50 ग्रॅमच्या आसपास पोटात जातात. आकडे न फुटलेल्या दाण्यांचे आहेत की फुटलेल्यांचे, तेही बघा. काही देशांच्या लेबलवर कर्बोदकांच्या आकड्यात तंतू धरलेले असतात, काहींच्या आकड्यातून आधीच वगळलेले असतात. वगळलेले असतील तर पुन्हा वजा करू नका.

कॅरमेल पॉपकॉर्न वेगळाच पदार्थ समजा. त्यात वजनाच्या निम्म्याच्या आसपास साखर असते आणि पाकामुळे कप जड भरतो. साध्या कपात 6 ग्रॅम कर्बोदकं, कॅरमेलच्या कपात 25 च्या वर. "शुगर फ्री" लिहिलं असेल तर घटकांच्या यादीत माल्टिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) आहे का ते बघा. तो साखर थोडीफार वाढवतोच, आणि जास्त झाला तर पोट बिघडवतो. चीजच्या चवीच्या पुडीत माल्टोडेक्स्ट्रिन असतं, ते भराभर पचणारं पिष्ट आहे.

चित्रपटगृहात मोठी बादली 15-20 कपांचीही असते. तिथे सगळ्यात लहान माप घ्या, वेगळा रिकामा पेला मागून त्यात आपला वाटा काढा आणि बादली शेजारच्याकडे द्या. अंधारात पडद्याकडे बघत खाताना हात मोजत नाही.

---

सांजभूक

सगळ्यांचे आभार, अर्धा मिनिट बाजूला धरायची युक्ती नवीन आहे. ग्लुकोमीटरवर कधी तपासू म्हणजे खरा परिणाम कळेल? आणि घरातल्या एका व्यक्तीला जेवणाआधी इन्सुलिन आहे, त्यांच्यासाठी काही वेगळं?

---

पथ्यकारण

पहिला घास घेण्याआधी एकदा आणि तिथून दोन तासांनी एकदा. दुसरा आकडा सर्वसाधारणपणे 180 मिलीग्रॅमच्या आत हवा, तुमच्या डॉक्टरांनी वेगळी मर्यादा दिली असेल तर ती. चाचणीच्या दिवशी पॉपकॉर्नसोबत साखरेचा चहा नको, नाहीतर कुणामुळे किती वाढली ते कळणार नाही. त्याच वेळेला, तेवढ्याच 25 ग्रॅमवर दुसऱ्या एखाद्या दिवशीही तपासा. तेल-बटर जास्त असेल तर शिखर उशिरा येतं, तेव्हा तीन तासांनीही एकदा बघा. आकडा जास्त आला तर आधी दाणे 15 ग्रॅमवर आणून पाहा. आणि पॉपकॉर्न रात्रीच्या जेवणानंतर घेतले तर ती कर्बोदकं जेवणाच्या कर्बोदकांत मिळतात, त्यापेक्षा संध्याकाळची तुमची वेळ चांगली आहे.

इन्सुलिनवाल्यांसाठी: डॉक्टरांनी 10 ग्रॅम कर्बोदकांना 1 युनिट असं प्रमाण दिलं असेल तर 18 ग्रॅमला 1.8 युनिट येतात. पण मधल्या खाण्याला इन्सुलिन घ्यायचं की नाही हे त्यांच्या वेळापत्रकावर ठरतं, ते डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. आधीच्या डोसला तीन-चार तास झाले नसतील तर त्याचा अंश अजून काम करत असतो, त्यावर नवा डोस चढवला तर साखर खाली घसरते.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी जेवण टाळून त्याऐवजी पॉपकॉर्न खाऊ नयेत. औषध जेवणाच्या हिशोबाने दिलेलं असतं. आणि साखर 70 च्या खाली गेली, घाम-थरथर सुरू झाली, तर त्या वेळी पॉपकॉर्न कामाचे नाहीत, फार सावकाश पचतात. 15 ग्रॅम ग्लुकोज घ्यावं, 15 मिनिटांनी पुन्हा तपासावं, अजूनही 70 च्या खाली असेल तर पुन्हा 15 ग्रॅम. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज चालू असेल तर साधी साखर चालत नाही, कारण तिचं विघटन हीच औषधं रोखतात. त्यांनी ग्लुकोजच जवळ ठेवावं.

---

सावधपण

एक भर घालतो. जुन्या मधुमेहात जठराची हालचाल मंदावलेली असेल (थोडं खाऊनही पोट गच्च, तासन् तास मळमळ), तर पॉपकॉर्न बंदच. टरफलं पचत नाहीत आणि जठरात साठून गोळा होऊ शकतो. अशी लक्षणं असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांना बिनमिठाचे साधे पॉपकॉर्न सहसा चालतात, खारवलेली पाकिटं नाहीत, प्रमाण मात्र आहारतज्ज्ञांकडून घ्यावं.

दातांकडेही लक्ष हवं. साखर चढी असली की हिरड्यांचे विकार लवकर होतात आणि टरफलाचा पातळ पापुद्रा नेमका हिरडीखाली जाऊन बसतो. खाऊन झाल्यावर खळखळून चूळ भरा आणि दातांमध्ये दोरा फिरवा. टाचणी किंवा काडीने टोकरू नका. दोन दिवसांत पापुद्रा निघाला नाही किंवा हिरडी सुजली तर दंतवैद्याकडे जा. न फुटलेल्या दाण्यांनी दाताचा टवका उडतो, म्हणून वाडग्यात भरताना ताटातून हाताने वरचेवर उचलून घ्या, दाणे ताटातच खाली राहतात. चार वर्षांखालच्या मुलांना मात्र यातले देऊ नका, घशात अडकतात.