गन शोमध्ये रास्त भाव अजून मिळतो का?

पिंपळपान (ओक्लाहोमा)

मंडळी, आमच्या इथल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटावर परवा एकाने ठोकून दिलं, "गन शो म्हणजे तिकीट काढून महागड्या दुकानात शिरणं." तिथे वाद घालायची सोय नाही, लगेच कोणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकतं. म्हणून इथे लिहितोय.

भारतातल्या वाचकांसाठी थोडक्यात: शनिवार-रविवारी एखाद्या प्रदर्शनाच्या हॉलमध्ये टेबलं मांडलेली असतात. परवानाधारक दुकानदार, जुन्या बंदुकांचे संग्राहक, आजोबांची रायफल विकायला आलेला नातू, सुऱ्या, काडतुसं, सुकवलेलं मांस, सगळं एका छपराखाली. आमच्या टल्साला एप्रिल आणि नोव्हेंबरमध्ये जो भरतो त्यात चार हजारांहून जास्त टेबलं असतात. दारात तुमची स्वतःची बंदूक तपासून तिला प्लास्टिकची पट्टी बांधतात. आत काही जण खांद्यावर रायफल टाकून फिरत असतात, नळीत एक काडी खोचलेली आणि काडीला किमतीची चिठ्ठी.

भाव चढे असतात हे मला मान्य आहे. पण कशाचे? ज्याला गिऱ्हाईक आहे त्याचे. मोसिन-नागांत ही रशियन रायफल २०१० च्या सुमारास शंभर डॉलरच्या आत मिळायची, लोक दोन-दोन उचलायचे. तिकडून येणारा माल आटला आणि आज तीच गंजकी रायफल चारशेच्या चिठ्ठीसह मखमलीवर पहुडलेली असते. कोल्टचं पायथन रिव्हॉल्व्हर कंपनीने २०२० मध्ये १,४९९ डॉलर छापील किमतीला पुन्हा आणलं, तरी जुनं पायथन घेऊन बसलेला माणूस त्याच्या दुपटीच्या खाली बोलायला तयार नसतो. त्याच्याशी घासाघीस करू नका, तो विकायला आलेला नसतोच. दाखवायला आलेला असतो.

रास्त भाव सापडतो तो नावडत्या मालात. .४० कॅलिबरची पिस्तुलं घ्या. एफबीआयने २०१५ मध्ये .४० सोडून परत ९ मिमीकडे जायचं ठरवलं आणि देशभरातली पोलीस खाती मागोमाग गेली. खात्यांनी बदलून टाकलेली ग्लॉक २२ टेबलावर ढिगाने दिसतात. बाहेरून होल्स्टरने घासलेली, आतून जवळजवळ नवी, कारण बहुतेक पोलीस पिस्तूल मिरवतो जास्त आणि झाडतो कमी. किंमत तीनशेच्या आसपास. तीच गत जुन्या पंप-अ‍ॅक्शन शॉटगनची. १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे देशभर बंद झाले. फुल चोकच्या, म्हणजे तोंडाशी जास्त अरुंद केलेल्या, जुन्या नळ्यांना पोलादी छर्रे मानवत नाहीत, म्हणून बदकवाल्या शिकाऱ्यांनी त्या टाकल्या. ज्याला क्ले-टार्गेट, म्हणजे हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्या, फोडायचेत त्याला काय फरक पडतो? पोलाद आणि अक्रोडाच्या लाकडाचं इतकं सुबक काम आज त्या पैशात कोणी करून देणार नाही.

आणि भाव बघताना ऑनलाइन लिलावात लोक किती *मागतात* ते बघू नका, किती *मिळाले* ते बघा. निम्मे टेबलवाले मागणीचा आकडा छापून आणतात आणि तोच पुरावा म्हणून तुमच्या नाकासमोर धरतात. मग रविवारी दुपारी दोननंतर जा. सगळं परत गाडीत भरायचं या विचारानेच म्हातारे मऊ पडतात.

मिझुरीवाला

साफ असहमत. चांगला माल रविवारपर्यंत थांबतो? अहो, तो शनिवारपर्यंतसुद्धा थांबत नाही. शुक्रवारी टेबलं लावताना दुकानदार एकमेकांच्यात खरेदी उरकतात. मी स्वतः मित्राच्या टेबलावर मदतनीस म्हणून गेलोय. हॉल लोकांना उघडायच्या आधीच एक प्री-६४ (म्हणजे १९६४ च्या आधीची, संग्राहकांची लाडकी) विंचेस्टर रायफल तीन टेबलं फिरली आणि प्रत्येक टेबलावर तिची चिठ्ठी बदलली. पब्लिकला चौथी चिठ्ठी दिसली.

दाराशीही तेच. नातू आजोबांची रायफल घेऊन रांगेत उभा असतो, तोवर दोघे-तिघे त्याच्याभोवती गोळा झालेले असतात. "काय घेणार बाळा हिचे?" हा पहिला प्रश्न. आकडा आधी त्याच्या तोंडून काढायचा, मग निम्म्यावर बोलायचं.

हिशेबही करा. तिकीट, पार्किंग, दोन तासांचं पेट्रोल, वर वेळ. ऑनलाइन घेतलं तर पाठवणी आणि गावातल्या परवानाधारकाची ट्रान्स्फर फी मिळून साठ-सत्तर डॉलर वाढतात, पण दिवस जात नाही आणि फोटो मोठे करून बघता येतात. २०१३ मधली .२२ काडतुसांची टंचाई आठवते? सकाळी मोठ्या स्टोअरच्या रांगेत उभं राहून वीस डॉलरचं खोकं उचलायचं आणि शनिवारी शोमध्ये साठ-सत्तरला लावायचं, हा धंदा मी डोळ्यांनी पाहिलाय. २०२० मध्ये बंदूक घेणाऱ्यांच्या पार्श्वभूमी तपासण्या वर्षभरात चार कोटींच्या घरात गेल्या, तेव्हा पुन्हा तीच माणसं, तीच टेबलं. टंचाईवर जगणाऱ्यांकडे रास्त भाव शोधायला जायचं म्हणजे कमाल आहे.

आगाऊ_कार्टं

पुण्याच्या जुन्या बाजारासारखंच आहे की! फक्त इथे विकणाऱ्यापुढे आवाज चढवायची हिंमत होत नसेल.

खडकीकर

वडील खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत होते, त्यामुळे पहिल्यांदा गन शोला गेलो तेव्हा जुन्या .३०३ काडतुसांच्या बुडावर 'के एफ' शिक्का बघून टेबलासमोरून हलेचना. विकणारा म्हणाला, हा कुठला तरी आफ्रिकेतला माल आहे. मी म्हटलं, काका, माझ्या घरापासून सायकलवर दहा मिनिटं!

मुद्द्याचं. पिंपळपान, तुमच्या 'नावडत्या माला'त मी इशापूरची 2ए1 घालीन, आणि चढ्या भावाचा नमुना म्हणूनही तीच दाखवीन. १९६२ च्या चीन युद्धानंतर इशापूरच्या रायफल फॅक्टरीने जुन्या ब्रिटिश ली-एनफिल्ड रायफलीच्या धाटणीवर ७.६२ नाटो काडतुसाची ही रायफल काढली. पुढे आपल्या फौजेने मोडीत काढल्यावर ती अमेरिकेत मापाच्या भावाने आली. आता टेबलावर चिठ्ठी काय? "दुसरं महायुद्ध, ब्रिटिश, दुर्मीळ, ८९९ डॉलर." मुठीजवळच्या पट्टीवर 'आर एफ आय' आणि १९६७ साल स्वच्छ कोरलेलं! कोणतं महायुद्ध चालू होतं १९६७ ला?

त्याहून भारी म्हणजे 'जंगल कार्बाइन', मूळची दुसऱ्या महायुद्धातली आखूड ब्रिटिश रायफल. इशापूरच्याच रायफलींच्या नळ्या अमेरिकन आयातदारांनी कापल्या, पुढे शंकू बसवला आणि लढाईतला माल असल्यासारख्या विकल्या. त्या रूपात ती कुठल्याच फौजेने वापरली नाही. मॅगझिन चौकोनी बुटकं असेल, पुढच्या लाकडातून आरपार स्क्रू गेलेला असेल तर समजायचं, ही आपल्याकडची. विकणाऱ्याला हे शांतपणे सांगितलं की चिठ्ठी खाली येते. माझ्या बाबतीत एकदा ८९९ ची साडेपाचशे झाली. म्हणून माझं मत धागाकर्त्याच्या बाजूने. ऑनलाइन फोटोत कोणाशी बोलणार?

(वरणगावच्या काडतुसांबद्दल मात्र 'ओ एफ व्ही' शिक्का दिसला की इथले लोक नाक मुरडतात. आपल्या जळगाव जिल्ह्याचा माल म्हणून मी गप्प बसतो.)

एचवनबी_त्रस्त

वाचायला मजा येतेय. ग्रीन कार्डच्या रांगेत आहे, मी असा शो बघायला जाऊन काही घेऊ शकतो का? नाहीतर मित्राच्या नावावर?

पिंपळपान

@एचवनबी_त्रस्त, मित्राच्या नावावर हे शब्द गमतीतही लिहू नका. दुसऱ्यासाठी खोटं सांगून बंदूक घेणं हा २०२२ च्या कायद्यापासून स्वतंत्र फेडरल गुन्हा आहे, पंधरा वर्षांपर्यंत शिक्षा. एच-वन-बीवर असताना बंदूकच काय, काडतूस बाळगायलाही फेडरल कायद्याने मनाई आहे. राज्याचा वैध शिकार परवाना असेल तर अपवाद आहे, पण त्यात आधी वकिलाला विचारा, मला नको. ग्रीन कार्डवाल्यांना घेता येते. बघायला या, जर्की खा, घरी जा.

बाहेरच्या राज्यातून येणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवा: पिस्तूल तुम्हाला इथे हातात मिळणार नाही, तुमच्या राज्यातल्या परवानाधारकाकडे पाठवावं लागतं. म्हणजे मिझुरीवाला म्हणतात ती ट्रान्स्फर फी इथेही लागली.

गोदाकाठ (कोलोराडो)

सगळे भावावर बोलताय. रास्त कोणासाठी, हे कोणी विचारत नाही.

माझा आक्षेप दोन ठिकाणी आहे. एक, मिझुरीवाला यांनी सांगितलेला नातू. घरात कोणी गेलं, कपाटात रायफल निघाली, तिची किंमत माहीत नाही, ती नकोशी झालीय. अशा माणसाकडून निम्म्याने घेणं याला इथे 'डील' म्हणतात. खडकीकर, तुम्ही विकणाऱ्याला खरं सांगून भाव पाडलात. तीच रायफल चुकून दीडशेला लावलेली असती तर खरं सांगून भाव चढवला असता का?

दोन, खाजगी विक्री. परवानाधारकाला अर्ज ४४७३ भरून घ्यावा लागतो, एफबीआयकडे तपासणी करावी लागते. त्याच्या शेजारच्या टेबलावर बसलेल्या 'संग्राहका'ला फेडरल कायद्याने तशी सक्ती नाही. १९९९ च्या कोलंबाइन शाळेतल्या हत्याकांडातल्या तीन लांब बंदुका मारेकऱ्यांच्या मैत्रिणीने डेन्व्हरच्या गन शोमधूनच घेतल्या होत्या, आणि तिने मुद्दाम तपासणी न करणारे विक्रेते गाठले होते. आमच्या राज्यात त्यानंतर २००० साली लोकांनी मतदान करून शोमधली प्रत्येक विक्री तपासणीखाली आणली, २०१३ मध्ये बाकीच्या खाजगी विक्रीलाही ते लागू झालं. ओक्लाहोमात आजही तसं नाही. तिथे मिळणाऱ्या 'कागदाशिवाय' मालाच्या भावात ती पळवाटही मोजलेली असते, हे नाकारू नका. मी स्वतः कितीतरी चिठ्ठ्यांवर "खाजगी विक्री, फॉर्म नाही" हे किमतीपेक्षा मोठ्या अक्षरात वाचलंय.

पिंपळपान

गोदाकाठ ताई, दुसऱ्या मुद्द्यावर आकडा देतो. न्याय खात्याने २०१६ मध्ये तुरुंगातल्या कैद्यांची पाहणी केली. गुन्ह्याच्या वेळी ज्यांच्याकडे बंदूक होती त्यांच्यापैकी गन शोमधून ती मिळवणारे ०.८ टक्के. रस्त्यावरून, काळ्या बाजारातून मिळवणारे ४३ टक्के. दोष कोणाला द्यायचा ते आकड्यांकडे बघून ठरवू.

तरीही मी स्वतः फॉर्मशिवाय घेत नाही आणि विकत नाही. विकताना शेजारच्या दुकानदाराला थोडी फी देऊन तपासणी करून घेतो. उद्या ती बंदूक कुठे सापडली तर माझ्या नावापासून तिचा माग तुटलेला नको.

गोदाकाठ (कोलोराडो)

०.८ हा आकडा मलाही माहीत आहे. तो त्या कैद्याने शेवटी कुठून घेतली ते सांगतो. रस्त्यावरच्या ४३ टक्क्यांना ती कोणी विकली, त्याआधी ती कुठल्या टेबलावर होती, ते त्या पाहणीत नाही. रस्त्यावर बंदुका उगवत नाहीत.

आणि तुम्ही फी देऊन तपासणी करून घेता, म्हणजे सक्तीने काही अडत नाही हे तुम्हीच दाखवून दिलंत की.

खडकीकर

ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला दोन दिवस लागले. दीडशेला लावलेली असती तर टेबलवाल्याला नसतं सांगितलं. तो धंदा करायला बसलाय, माहिती ठेवणं त्याचं काम. दारातल्या नातवाला सांगितलं असतं. हा फरक मला पटतो, तुम्हाला पटेलच असं नाही.

मिझुरीवाला

नातवाला सांगणारे लोक असतात, पण ते रांगेत उशिरा पोचतात :)

माझ्यापुरतं सांगतो. रास्त भाव हवा असेल तर जिथे भाव ठरलेला आहे तिथे जा. एम१ गॅरंड, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन फौजेची रायफल, हवी? १९९६ मध्ये काँग्रेसच्या कायद्याने वेगळी ना-नफा संस्था झालेल्या सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅमकडून घ्या. अलाबामातल्या अ‍ॅनिस्टनला दुकान आहे. प्रतवारीनुसार किंमत लिहिलेली, नळी मापून दिलेली, तपासणी झालेली. नातू नाही, चिठ्ठी नाही, रविवारची दुपार नाही. तीच गॅरंड शोमध्ये त्यांच्याच कागदासकट तीन-चारशे वर चढवून लावलेली मी बघितलीय, आणि लोक घेतात! का, तर तिथे नेमबाजी स्पर्धेच्या क्लबचं सभासदत्व आणि कागदपत्रं लागतात, तेवढा कंटाळा करतात.

पन्नास वर्षांवरच्या बंदुका गोळा करायच्या असतील तर संग्राहकाचा परवाना घ्या. तीन वर्षांना तीस डॉलर. असा जुना माल दुसऱ्या राज्यातूनही थेट घरी येतो. शोच्या दोन तिकिटांचा खर्च.

पिंपळपान

परवाना माझ्याकडे आहे आणि मान्य, तो प्रत्येक हौशीने घ्यावा. पण टपालाने आलेल्या पेटीतली नळी तुम्ही पैसे देण्याआधी बघू शकत नाही. मी खिशातला बोर लाइट (नळीत घालायचा छोटा दिवा) घालून बघतो. मोसिनच्या नळीचं तोंड आतून कोरून रुंद केलंय का, बोल्टवरचा नंबर मूळचा आहे की नंतर ठोकून जुळवलाय, हे फोटोत लपवता येतं. टेबलावर अवघड जातं. नळीत दिवा धरू देत नाही तो माणूस काही लपवतोय एवढं समजतं आणि पुढच्या टेबलाकडे जाता येतं.

गोदाकाठ ताईंच्या सक्तीच्या मुद्द्यावर मी अजून विचार करतोय, गप्प बसलो म्हणजे हरलो असं नाही. नोव्हेंबरात टल्साला कोण येतंय ते व्यनिने कळवा. मिझुरीवाल्यांना शुक्रवारी मागच्या दाराने यायची सोय असेल तर आम्हालाही घेऊन जा.

मिझुरीवाला

टेबल घ्या, मग शुक्रवारी पुढच्या दाराने या. पण मग विकायला काय मांडाल, त्याची चिठ्ठी कितीची लावाल, ते आधी इथे लिहा. गोदाकाठ ताई तपासतील.